बावीस क्रेडिटांच्या सत्रात एनपीटेल: घ्यावे, पण कशाच्या जागी?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे वेळापत्रक हाती पडले की त्याच्या पाठोपाठ महाविद्यालयात आणखी एक सूचना फिरू लागते: एनपीटेलच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवा, क्रेडिट मिळतील. एनपीटेल म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची सेवा, आणि क्रेडिट म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक. सूचना एका ओळीची असते आणि त्या ओळीत जे सांगायचे राहून जाते, तेच विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे, नाशिकरोडहून कॉलेज रोडला रोज ये-जा करते, आणि माझे तिसरे सत्र इतके भरगच्च होते की त्यात आणखी काही घ्यावे की नाही याचा हिशेब मांडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. त्या सत्रात मी एनपीटेलवरील आयआयटी खरगपूरचा डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीम हा ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम परीक्षेसह पूर्ण केला. पुढील परीक्षण त्या एका विषयाचे नसून एकूण सेवेचे आहे, आणि जड सत्रात ती कितपत उपयोगी पडते या एकाच कसोटीवर ते केले आहे. माझे मत आधीच नोंदवते. सेवा चांगली आहे, काही बाबतींत अतिशय चांगली आहे. मात्र सत्रातील एखाद्या विषयाच्या जागी ती बसत असेल तरच ओझे हलके होते. जादा म्हणून घेतलेला अभ्यासक्रम हा आणखी एक विषयच असतो, भले तो मोबाइलवर दिसत असो.

सत्राचे ओझे म्हणजे नेमके किती, हे सांगितल्याशिवाय या मताला अर्थ नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीच्या प्रत्येक सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात, म्हणजे वर्षाला ४० ते ४४. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास आणि प्रॅक्टिकलचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. एखाद्या विज्ञान विद्यार्थ्याच्या २२ क्रेडिटांपैकी ६ प्रॅक्टिकलची आहेत असे धरले, तर आठवड्याला थिअरीचे १६ आणि प्रॅक्टिकलचे १२ असे २८ तास नुसते वर्गात आणि प्रयोगशाळेत जातात. जर्नल लिहिणे, इंटर्नलची तयारी, प्रेझेंटेशन, फील्ड प्रोजेक्टसाठी बाहेर पडणे हे सारे त्या २८ तासांच्या पलीकडचे. शिवाय मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतील ऐच्छिक विषय), व्होकेशनल स्किल, भाषा, को-करिक्युलर अशी विषयांची विभागणी असल्यामुळे तास जितके थकवतात त्याहून अधिक विषयांची संख्या थकवते. दोन क्रेडिटांच्या विषयालाही स्वतंत्र शिक्षक, स्वतंत्र सबमिशन आणि स्वतंत्र परीक्षा असते. चार क्रेडिटांच्या विषयाला जास्त मेहनत लागते खरी, पण दोन क्रेडिटांच्या विषयाला निम्मी मेहनत पुरते असे मात्र होत नाही. मला तिसऱ्या सत्रात जे जड गेले, ते मुख्यतः हे.

आता सेवेविषयी. एनपीटेल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा एकत्रित उपक्रम असून त्याचे काम २००३ मध्ये सुरू झाले. आरंभी तो व्याख्यानांचा मोफत संग्रह होता. केंद्र सरकारचे ‘स्वयम’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले आणि एनपीटेल त्यावरील नऊ राष्ट्रीय समन्वयकांपैकी एक झाले. ही शेवटची गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. महाविद्यालयात ‘स्वयम’ आणि ‘एनपीटेल’ ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात, त्यामुळे कला आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी एनपीटेलची यादी पाहून ‘आपल्यासाठी यात फारसे नाही’ असे म्हणून परत फिरतात. वास्तविक पदवी स्तरावरील सर्वसाधारण विषयांचे अभ्यासक्रम सीईसी (कन्सॉर्शियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन) या समन्वयकाकडे असतात. इग्नू, यूजीसी, आयआयएम बंगळुरू यांचेही अभ्यासक्रम त्याच व्यासपीठावर आहेत. अभ्यासक्रम कोणत्या समन्वयकाचा आहे यावर परीक्षा कोण घेणार तेही ठरते: एनपीटेल आपल्या परीक्षा स्वतः घेते, तर इतर बऱ्याच अभ्यासक्रमांच्या परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए घेते. शुल्क, तारखा आणि गुणांची विभागणी त्यानुसार बदलते. मी एनपीटेलचाच अनुभव घेतला असल्याने पुढचे सर्व त्याविषयी समजावे.

घरबसल्या पदवीचे शिक्षण ही कल्पना नाशिकला नवी नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच शहरात आहे आणि नोकरी सांभाळून त्याची पदवी घेतलेले कोणी ना कोणी बहुतेकांच्या नात्यात सापडते. त्यामुळे ‘ऑनलाइन शिकलेले खरे शिक्षण का?’ हा प्रश्न आमच्या घरी कोणी विचारला नाही. ‘वेळ कुठून काढणार?’ हा मात्र आईने पहिल्याच दिवशी विचारला.

त्याचे उत्तर शोधताना आठवड्याचा आराखडा पाहावा लागतो. एनपीटेलवर प्रत्येक आठवड्याला साधारण अडीच तासांची व्याख्याने येतात, बहुधा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच भागांत. अभ्यासक्रम ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात आणि त्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ क्रेडिट दिली जातात. येथे एक सार्वत्रिक गैरसमज आहे: ४ किंवा ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम हलका आणि १२ आठवड्यांचा जड, असे मानून विद्यार्थी निवड करतात. दर आठवड्याचे ओझे मात्र तिन्हींत जवळपास सारखेच असते; फरक इतकाच की छोटा अभ्यासक्रम लवकर संपतो. अडीच तासांचे व्याख्यान अडीच तासांत संपत नाही हेही जाणून असावे. मधे थांबवून टिपणे काढणे, एखादे उदाहरण स्वतः सोडवून पाहणे, न समजलेला भाग पुन्हा ऐकणे आणि शेवटी असाइनमेंट सोडवणे हे धरून मला आठवड्याला पाच ते सहा तास लागत. वर मांडलेल्या २८ तासांच्या शेजारी हे तास ठेवून पाहिले की ‘सहज होऊन जाईल’ हे वाक्य कोणी उच्चारू नये असे वाटते.

व्याख्यानांचा दर्जा एकसारखा नाही. मी परीक्षेसाठी एकच अभ्यासक्रम घेतला असला, तरी निवड करण्यापूर्वी अनेक अभ्यासक्रमांची पहिली दोन-तीन व्याख्याने पाहिली, आणि त्यांतील तफावत ठळक होती. काही प्राध्यापक फळ्यावर एक-एक पायरी लिहीत जातात, मुद्दाम चुकीचे उत्तर मांडून ते का चुकते हे दाखवतात, आणि विद्यार्थी समोर बसला आहे असे समजून बोलतात. काही जण स्लाइड वाचतात. स्लाइड वाचणाऱ्याचे ज्ञान कमी असते असे नव्हे. पण रात्री साडेनऊला, दिवसभराची प्रॅक्टिकल उरकून बसलेल्या माणसाला ते ऐकवत नाही. डेटाबेसच्या अभ्यासक्रमात स्लाइड भरपूर असल्या तरी मांडणी नेटकी आहे. रिलेशनल मॉडेल आणि एसक्यूएलपासून सुरुवात होते, मधल्या आठवड्यांत फंक्शनल डिपेंडन्सी आणि नॉर्मलायझेशन (माहितीची पुनरुक्ती टाळण्यासाठी तक्त्यांची नीट विभागणी) येते, आणि शेवटाकडे इंडेक्सिंग, ट्रान्झॅक्शन व कन्करन्सी. नॉर्मलायझेशनचा भाग मला आपल्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट वाटला, कारण तिथे व्याख्येच्या आधी बिघडलेला तक्ता दाखवला आहे आणि तो का बिघडला याची चर्चा केली आहे. शेवटचे दोन आठवडे मात्र घाईचे वाटले. जे विषय प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय कळत नाहीत, ते केवळ आकृत्यांवर उरकले जातात, आणि त्या वेळेपर्यंत आपल्याही अंगातला उत्साह ओसरलेला असतो.

हीच व्याख्याने यूट्यूबवर कोणालाही, कधीही आणि फुकट पाहता येतात. मग नोंदणी करून नेमके काय मिळते? माझ्या मते असाइनमेंटची मुदत मिळते, आणि या सेवेत पैसे देण्यायोग्य काही असेल तर ती मुदतच आहे. दर आठवड्याला एक असाइनमेंट येते, तिची मुदत ठरलेली असते, बहुधा बुधवारी मध्यरात्रीच्या आत ती भरायची असते, आणि मुदत गेली की ती गेली. महाविद्यालयातील सबमिशन जसे सत्राच्या शेवटी ‘सर, उद्या देतो’ म्हणत लांबवता येते, तसे येथे करता येत नाही. कोणाला हे जाचक वाटेल. मला ते उपकारक वाटले, कारण ज्या सत्रात नऊ-दहा जण आपल्याकडे काही ना काही मागत असतात, तिथे जो मुदत वाढवत नाही त्याचेच काम आधी होते. पण या गुणाची दुसरी बाजू अशी की तो इतर विषयांचा वेळ खातो. मंगळवारी रात्री एनपीटेल आणि बुधवारी सकाळी प्रॅक्टिकलचे जर्नल, अशी टक्कर झाली की जर्नल मागे पडते. मी पुढे असाइनमेंट रविवारीच भरण्याचा नेम केला आणि ती टक्कर टळली. मात्र त्यामुळे रविवार गेला, हेही खरेच.

गुणांची विभागणी विद्यार्थ्याला समजेल अशी आहे. असाइनमेंटना २५ गुण आणि परीक्षेला ७५ गुण. ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम ६ असाइनमेंटची सरासरी धरली जाते, १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम ८ ची आणि ४ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम ३ ची. म्हणजे १२ पैकी ४ आठवडे सोडून देण्याची मुभा आहे आणि ८ पैकी केवळ २. जड सत्राच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. इंटर्नल परीक्षेचा एक आठवडा, आजारपणाचा किंवा घरच्या लग्नाचा एक आठवडा गेला की ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातील मोकळीक संपते. उत्तीर्ण होण्यासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. एकूण ६० किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास प्रमाणपत्रावर ‘एलिट’ असा उल्लेख येतो, ७५ ला त्यात रौप्य आणि ९० ला सुवर्ण असा शेरा जोडला जातो.

असाइनमेंटविषयी बोलताना एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. प्रश्न प्रसिद्ध होताच त्यांची ‘तयार उत्तरे’ टेलिग्रामवर आणि यूट्यूबवर फिरू लागतात आणि वर्गातील ग्रुपवर ती कोणीतरी टाकतेच. त्यामुळे असाइनमेंटचे २५ गुण जवळजवळ सगळ्यांकडे सारखेच दिसतात. पण परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर, संगणकावर, पर्यवेक्षकांच्या उपस्थितीत होते आणि तिथे टेलिग्राम नसते. ज्यांनी सत्रभर उत्तरे उतरवली त्यांना ऑक्टोबरमध्ये सगळी व्याख्याने पहिल्यापासून पाहावी लागतात, आणि ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाची परीक्षाही डोक्यावर असते. मूल्यमापनाची रचना उतरवणाऱ्याला पूर्णपणे रोखत नाही, पण ७५ गुण परीक्षेकडे ठेवून तिने त्याचा बराचसा बंदोबस्त केला आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले, त्याकडे वळते: क्रेडिट प्रत्यक्षात कुठे बसतात? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रात शिकवल्या जाणाऱ्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’मार्फत घेण्याची परवानगी शिक्षणसंस्था देऊ शकते. हे वाचून विद्यार्थ्यांना वाटते की जवळपास निम्मे सत्र घरूनच करता येईल. ही मर्यादा संस्थेसाठी आहे, विद्यार्थ्याचा हक्क म्हणून नाही. कोणता ऑनलाइन अभ्यासक्रम आपल्या कोणत्या विषयाच्या जागी चालेल, हे आधी विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयाच्या पातळीवर मान्य झालेले असावे लागते. तशी मान्यता नसताना मिळवलेले प्रमाणपत्र बायोडेटात शोभते, गुणपत्रिकेत ते दिसत नाही.

मान्यता असली तरी मापाचा प्रश्न उरतो. आपल्याकडील नव्या रचनेतील विषय मुख्यतः २ आणि ४ क्रेडिटांचे आहेत, तर एनपीटेलचा सर्वाधिक दिसणारा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम ३ क्रेडिटांचा आहे. दोनाच्या जागी तो ठेवला तर एक क्रेडिटाची मेहनत कारण नसताना जास्त होते, आणि चाराच्या जागी ठेवायचा तर एक क्रेडिट कमी पडते. ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम २ क्रेडिटांच्या विषयाच्या मापात नेमका बसतो. मी तोच निवडला, आणि महाविद्यालयाने तो दोन क्रेडिटांच्या एका पर्यायी विषयाच्या जागी मान्य केला असल्याने त्या विषयाचे तास, त्याचे सबमिशन आणि त्याची अंतर्गत परीक्षा यांतून माझी सुटका झाली. आठवड्याला पाच-सहा तास दिले आणि दोन तासांचे वर्ग वाचले, असा हिशेब केला तर व्यवहार तोट्याचा दिसेल. परंतु वाचलेले दोन तास दुपारच्या शेवटच्या तासिकांचे होते. त्या नसल्यामुळे मला गर्दीच्या आधीची सिटीलिंकची बस मिळू लागली आणि संध्याकाळ हाती आली. जो वेळ दिला तो माझ्या सोयीच्या वेळी दिला. वेळापत्रकाच्या चौकटीत अडकलेला एक तास आणि आपल्या मर्जीने वापरायचा एक तास यांचे मोल सारखे नसते, आणि कॉलेज रोड ते नाशिकरोड हे अंतर रोज कापणाऱ्याला ते पटवून द्यावे लागणार नाही.

माझ्याच वर्गातील एका मैत्रिणीने याच्या उलट केले. तिने १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम कोणत्याही विषयाच्या जागी न घेता जादा म्हणून घेतला, कारण पुढे प्लेसमेंटला उपयोग होईल असे तिला सांगण्यात आले होते. अभ्यासक्रम चांगला होता, ती हुशार आहे, आणि तरीही सप्टेंबरनंतर तिने तो सोडून दिला. ज्या सत्रात नियमित विषयांचेच सबमिशन वेळेवर होत नाही, त्यात जादा अभ्यासक्रमाचा बळी आधी जाणार, यात नवल नाही. अशा विद्यार्थ्यांनी नोंदणी फक्त ऐकण्यासाठी करावी आणि परीक्षेचे शुल्क भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शुल्काबाबत ही सेवा विद्यार्थ्याशी प्रामाणिक आहे. नोंदणी, व्याख्याने आणि असाइनमेंट यांना पैसे पडत नाहीत. परीक्षा द्यायची असेल तरच प्रत्येक अभ्यासक्रमाला १००० रुपये भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना योग्य प्रमाणपत्र जोडल्यास त्यात निम्मी सवलत मिळते. त्याहून चांगली गोष्ट अशी की परीक्षेच्या अर्जाची मुदत अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांपर्यंत असते. म्हणजे दोन-तीन आठवड्यांची व्याख्याने ऐकून, एक-दोन असाइनमेंट सोडवून, आपले बाकीचे सत्र कसे चालले आहे ते पाहून मग पैसे भरायचे की नाही ते ठरवता येते. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या खासगी क्लासमध्ये पूर्ण शुल्क आधी घेऊन मग शिकवायला सुरुवात करतात, त्या तुलनेत ही पद्धत फारच सभ्य आहे. वर्गातील बहुतेकजण मात्र ही मुभा वापरत नाहीत. मेंटॉरांनी यादी मागितली की पहिल्याच आठवड्यात पैसे भरून मोकळे होतात.

जुलै ते ऑक्टोबर या सत्राचे कॅलेंडर महाराष्ट्रात राहणाऱ्यासाठी सोपे नाही, हेही सांगायला हवे. एनपीटेल सगळ्या देशासाठी एकच असल्यामुळे तिथे गणपती नसतात आणि नवरात्रही नसते. घरी दीड दिवसाचा गणपती असला तरी त्या आठवड्यात अभ्यास होत नाही. कालिका देवीच्या यात्रेच्या दिवसांत मुंबई नाक्याच्या बाजूने येणाऱ्या बस वेळेवर धावत नाहीत. आणि नेमके त्याच सुमारास महाविद्यालयाच्या इंटर्नल परीक्षा लागतात. असाइनमेंट सोडण्याची जी मुभा वर सांगितली, ती या दिवसांसाठी राखून ठेवावी आणि ऑगस्टमध्ये कंटाळा आला म्हणून उधळू नये. जानेवारीत सुरू होणारे सत्र या दृष्टीने बरेच सुटसुटीत आहे. निवडीला वाव असेल तर मी कोणालाही एनपीटेल सम सत्रात, म्हणजे चौथ्या किंवा सहाव्या सत्रात घेण्यास सांगेन.

भाषेचा प्रश्न नाशिक जिल्ह्यात विशेष आहे. कळवण, दिंडोरी, पेठ, सुरगाणा येथून आलेल्या आणि बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यांना आयआयटीच्या प्राध्यापकांचे इंग्रजी, त्यातही निरनिराळ्या प्रांतांच्या उच्चारांचे इंग्रजी, पहिल्या दोन आठवड्यांत पेलत नाही. एनपीटेलने अनेक अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचे लिखित रूप मराठीसह काही भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहे. ही सोय मोलाची आहे, तरी दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात: ती प्रत्येक अभ्यासक्रमाला नाही, आणि जिथे आहे तिथले मराठी बोलीतल्या मराठीसारखे ओघवते नाही. मला स्वतःला इंग्रजी लिखित रूप समोर ठेवून व्याख्यान ऐकणे अधिक उपयोगी पडले. कानाने सुटलेला शब्द डोळ्याने पकडता येतो आणि परीक्षेतील प्रश्नही शेवटी इंग्रजीतच असतात. ज्या विद्यार्थ्याला प्रास्ताविक आठवडाच अवघड जातो, त्याने परीक्षेसाठी तो अभ्यासक्रम न घेता आधी त्या विषयाची पाया भक्कम करणारी व्याख्याने ऐकावीत. एनपीटेल ‘शून्य आठवडा’ म्हणून जी पूर्वतयारीची असाइनमेंट देते, ती याच पारखणीसाठी असते, पण तिला गुण नसल्यामुळे बहुतेकजण ती उघडूनही पाहत नाहीत.

परीक्षेची व्यवस्था मला शिस्तशीर वाटली. परीक्षा बहुधा शनिवार-रविवारी, सकाळच्या किंवा दुपारच्या सत्रात होते, त्यामुळे महाविद्यालयाचा दिवस सहसा बुडत नाही. केंद्राचे शहर अर्जातील यादीतून निवडायचे असते. ही निवड अर्ज भरताना लगेच करून ठेवावी आणि एकापेक्षा अधिक पसंती नीट विचार करून द्याव्यात, विशेषतः मुलींच्या घरी दुसऱ्या शहरात परीक्षेला पाठवताना सोबतीचा प्रश्न येतो म्हणून. प्रश्न बहुपर्यायी असतात, पण पाठांतरावर भागत नाही. डेटाबेसच्या परीक्षेत अनेक प्रश्नांना कागदावर तक्ता मांडूनच उत्तर काढावे लागले. विद्यापीठाच्या परीक्षेत आपण जे पानभर लिहितो त्यापेक्षा हे कमी दमवणारे आणि जास्त विचार करायला लावणारे होते.

अध्यापनाला मी पाचपैकी चार गुण देईन, शुल्काच्या पद्धतीला पाचही, आणि जड सत्रातील सोयीला तीन. सोयीचे हे तीन गुणही ८ आठवड्यांच्या, आधी मान्य झालेल्या, दोन क्रेडिटांच्या विषयाच्या जागी बसणाऱ्या अभ्यासक्रमासाठी आहेत. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचा निवडावा लागत असल्याने विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्या जागेसाठी एनपीटेलमधील मानव्यविद्या आणि व्यवस्थापनाची यादी जरूर पाहावी. त्या यादीत ८ आठवड्यांचे बरेच अभ्यासक्रम असतात आणि मेजरच्या अभ्यासाने शिणलेल्या डोक्याला वेगळ्या विषयाची व्याख्याने तुलनेने सुसह्य होतात. ज्यांच्यावर मागच्या सत्राचा एखादा विषय राहिला आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

नोंदणी करणाऱ्यांसाठी कागदपत्रांची एक बाब उरते. मिळालेली क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि तिथे ती जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य असतात. ते खाते डिजिलॉकरमार्फत उघडता येते आणि सत्र सुरू होण्यापूर्वीच उघडून ठेवलेले बरे. परीक्षेच्या अर्जात जे नाव लिहिले जाते तेच प्रमाणपत्रावर छापले जाते. त्यामुळे घाईत मोबाइलवरून अर्ज भरताना नुसते नाव-आडनाव न लिहिता महाविद्यालयाच्या नोंदीत आणि आधारवर जसे आहे तसेच, वडिलांच्या नावासह, पूर्ण नाव लिहावे. नोंदणीचा ई-मेल महाविद्यालयाने दिलेला असेल तर पदवीनंतरही तो चालू राहणार आहे का, हे कार्यालयात विचारून घ्यावे.